व्हीआरमधलं मोशन ट्रॅकिंग माणसांवर तपासताना

व्हीआरसाठी (आभासी वास्तवासाठी) मोशन ट्रॅकिंग, म्हणजे माणसाची हालचाल टिपणारी, यंत्रणा घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न अचूकतेचा येतो: किती मिलिमीटरपर्यंत बरोबर दाखवते? त्याचं उत्तर मिळणं अवघड नाही. नीहॉर्स्टर, ली आणि लाप्पे यांनी २०१७ साली एचटीसी व्हाइव्हची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात स्थिर ठेवलेल्या हेडसेटच्या जागेतला थरथराट ०.०२ सेंटिमीटरच्या आसपास आणि एकूण विलंब २२ मिलिसेकंद भरला. घरगुती वापराच्या यंत्राला हे आकडे उत्तमच आहेत. पण अशीच यंत्रणा फिजिओथेरपीच्या खोलीत किंवा कारखान्याच्या प्रशिक्षण वर्गात बसवली की माणसं अडखळतात, आणि का अडखळतात ते या आकड्यांत सापडत नाही.

आम्ही अशा यंत्रणांच्या वापरसुलभतेच्या चाचण्या घेतो. त्यातून आमचं पक्कं झालेलं मत असं, की ट्रॅकिंग कमी पडलं तर बहुतेक माणसं तक्रार करत नाहीत, ती आपली हालचालच बदलतात. हात छातीसमोर ठेवतात, मान जास्त वळवतात, वेग कमी करतात. काम पूर्ण होतं, चुका नगण्य दिसतात, प्रश्नावलीतही बरे गुण पडतात. खांद्याच्या व्यायामासाठी आणलेली यंत्रणा मात्र खांदा पुरता उचललाच नसताना व्यायाम झाल्याची नोंद करून मोकळी होते. म्हणून आमची सगळी पद्धत हे बदल पकडण्यासाठी बेतलेली आहे.

चाचणी आखण्याआधी प्रत्येक यंत्रणा कशावर चालते हे नीट ठाऊक हवं, कारण ती कुठे अडणार हे त्यातच ठरलेलं असतं. व्हाइव्ह वापरतो त्या लाइटहाउस पद्धतीत भिंतीवरची बेस स्टेशनं खोलीभर अवरक्त लेझरचे पट्टे फिरवतात. ट्रॅकरवरचे (अंगावर बांधायच्या छोट्या उपकरणावरचे) सेन्सर पट्टा आपल्यावरून कोणत्या क्षणी गेला ते टिपतात आणि त्यावरून कोन काढतात. म्हणजे सेन्सरवर कापड आलं की विषय संपला. मेटाच्या क्वेस्टसारख्या हेडसेटमध्ये कॅमेरे हेडसेटवरच असतात (२०१९ च्या पहिल्या क्वेस्टवर चार होते), आणि हातात धरायच्या कंट्रोलरवरचे अवरक्त एलईडी त्या कॅमेऱ्यांना दिसले तरच हाताची जागा कळते. हात पाठीमागे किंवा कमरेखाली गेला की पुढचा काही काळ अंदाज फक्त प्रवेगमापक आणि जायरो (फिरणं मोजणारा सेन्सर) यांच्यावर चालतो. हा अंदाज किती टिकतो त्याचं गणित सोपं आहे. प्रवेगात ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच चूक धरली तरी एका सेकंदात जागा ५ सेंटिमीटरने चुकते, दोन सेकंदांत २० सेंटिमीटरने, कारण चूक वेळेच्या वर्गाने वाढते. तिसरा प्रकार अंगावर बांधायच्या सेन्सरांचा. एक्ससेन्सच्या पूर्ण संचात १७ सेन्सर असतात, सोनीच्या मोकोपीत ६: डोकं, दोन्ही मनगटं, कंबर, दोन्ही घोटे. हे कुठल्या कॅमेऱ्याला किंवा लेझरला दिसावे लागत नाहीत, त्यामुळे आड येण्याचा प्रश्न नाही. पण खोलीत आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना थेट कळतच नाही. पाय जमिनीला कधी टेकला यावरून ते जागा जुळवत जातात. माणूस मांडी घालून बसला किंवा बसल्या बसल्या सरकला की हा हिशेब कोलमडतो.

ऑप्टिट्रॅक किंवा विकॉनसारखी मार्करवाली (अंगावर लावलेल्या खुणा कॅमेऱ्यांनी टिपणारी) यंत्रणा आम्ही संदर्भ म्हणून वापरतो. इथे एक खबरदारी आहे. तिच्या कॅमेऱ्यांभोवतीचे अवरक्त दिवे लाइटहाउसच्या सेन्सरांना गोंधळात टाकू शकतात. त्यामुळे लाइटहाउसची एक फेरी संदर्भ कॅमेरे बंद ठेवून आणि एक चालू ठेवून घ्यावी लागते. दोन्हींत फरक पडला तर आधी कॅमेऱ्यांच्या दिव्यांची तीव्रता कमी करायची. तो फरक मिटेपर्यंत लाइटहाउसला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

खोली तयार करायला जितका वेळ द्यावा तितका थोडाच. बेस स्टेशन दोन मीटरपेक्षा वर, ३० ते ४५ अंश खाली झुकवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावायचं. पहिल्या पिढीतली दोन स्टेशनं एकमेकांना दिसत असतील तर एकावर ‘बी’ आणि दुसऱ्यावर ‘सी’ चॅनेल, सिंक केबल जोडली असेल तर ‘ए’ आणि ‘बी’. दुसऱ्या पिढीत प्रत्येकाला वेगळा क्रमांक दिला की झालं. छताच्या पंख्याच्या पाइपाजवळ किंवा पार्टिशनच्या प्लायवर स्टेशन कधीही लावू नये. पंखा पाचवर फिरला की प्लाय बारीक थरथरतो आणि आभासी जग मंद डोलायला लागतं. प्रेक्षकाला ते जाणवत नाही, हेडसेट घातलेल्याला पाच मिनिटांत मळमळतं. काचेची कपाटं, आरसे, चकचकीत स्टीलचे टेबल, इतकंच काय पॉलिश केलेली फरशीसुद्धा लेझर परत फेकते. आम्ही आरशांवर चादर टाकतो आणि फरशीवर जाड सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरतो.

कॅमेऱ्यावर चालणाऱ्या हेडसेटला नेमकं उलटं हवं असतं. तिथे नुसती पांढरी भिंत आणि एकरंगी फरशी नडते, कारण कॅमेऱ्याला धरायला खुणाच सापडत नाहीत. भिंतीवर दोन-तीन पोस्टर किंवा रंगीत टेपच्या वेड्यावाकड्या पट्ट्या लावल्या की काम भागतं. सारख्या अंतरावर सारखी नक्षी मात्र नको, त्याने एक कोपरा दुसऱ्यासारखा दिसायला लागतो. दिव्यांचंही बघावं लागतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी असा पर्याय आहे. तो आपोआपवर न सोडता हाताने ५० हर्ट्झ करून ठेवावा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदे ओढायलाच हवेत. कॅमेरे दिपतात हे एक, आणि हेडसेट उलटा टेबलावर राहिला तर भिंगांतून एकवटलेलं ऊन पडदा कायमचा जाळतं हे दुसरं.

ट्रॅकरचे डोंगल (बिनतारी संदेश घेणारे यूएसबीचे तुकडे) संगणकाच्या मागे एकाशेजारी एक खोचण्याची सवय सगळीकडे दिसते. ते २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आणि शेजारचा यूएसबी ३.० चा पोर्ट त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन वायर घेऊन प्रत्येक डोंगल संगणकापासून आणि दुसऱ्या डोंगलपासून हातभर लांब ठेवला की ‘ट्रॅकर अधूनमधून उडी मारतो’ ही तक्रार बऱ्याच वेळा तिथेच संपते. अंगावरच्या सेन्सरांपैकी काहींत होकायंत्रही असतं आणि ते लोखंडाजवळ फसतं, म्हणून त्यांच्यासाठी लोखंड शोधायचं: लोखंडी कपाट, खाट, स्टीलचा टेबल, स्लॅबमधल्या सळ्या. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून खोलीभर फिरवलं की सुई कुठे बिथरते ते दिसतं. तिथे कॅलिब्रेशनसाठी (सेन्सर माणसाच्या अंगाशी जुळवून घेण्यासाठी) माणसाला उभं करायचं नाही.

माणसं बोलावण्याआधी आम्ही यंत्रणा टेबलावर आणि जमिनीवर तपासतो. ट्रायपॉडवर ट्रॅकर घट्ट बसवून दहा मिनिटं नोंद घेतली की थरथराट कळतो. त्याहून महत्त्वाची चाचणी जमिनीची. २०१७ च्या त्या मोजमापांतला सर्वांत उपयोगी निष्कर्ष थरथराटाचा नव्हताच. ट्रॅकिंग सुटून परत आलं की यंत्रणेची जमीन वेगळ्याच कोनात कललेली असते, हा तो निष्कर्ष. ते पडताळायला फरशीवर ५० सेंटिमीटरच्या अंतराने टेपच्या फुल्या मारायच्या, पाच बाय पाच. प्रत्येक फुलीवर कंट्रोलर त्याच बाजूने, त्याच तोंडाने ठेवून दोन सेकंदांची उंची नोंदवायची आणि २५ बिंदूंतून सपाट पृष्ठ बसवायचं. मग हेडसेट काळ्या जाड कापडात दहा सेकंद गुंडाळायचा, सोडायचा, आणि पुन्हा २५ फुल्या. दोन पृष्ठांमधला कोन एक अंश निघाला तर दोन मीटरच्या अंतरावर उंचीत साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. व्हीआरमधल्या टेबलावर पेला ठेवणाऱ्याला तो हाताला लागतो: पेला एकतर टेबलात बुडतो, नाहीतर वर तरंगतो. हे कापड गुंडाळणं आम्ही निदान पाच वेळा करतो, कारण कल प्रत्येक वेळी वेगळा निघू शकतो. एका फेरीवरून काहीच ठरवता येत नाही.

विलंब मोजायला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन लावून ट्रॅकर आणि त्याची हालचाल दाखवणारा पडदा एकाच चौकटीत घ्यायचा, ट्रॅकरला झटका द्यायचा आणि मधली चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. साध्या मॉनिटरचा स्वतःचा विलंब यात मिसळतो, म्हणून हा आकडा दोन यंत्रणांच्या तुलनेपुरताच घ्यावा, आणि दोन्हींना तोच मॉनिटर वापरावा. स्टीमव्हीआरकडून (व्हाइव्हसारखी उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) स्थिती मागताना पुढचा अंदाज किती सेकंदांचा हवा तो आकडा शून्य द्यायला विसरू नये. नाहीतर यंत्रणेचा विलंब न मोजता तिच्या भाकिताचा दर्जा मोजून बसाल.

आता नोंदींविषयी, कारण बहुतेकांचं गाडं इथे अडतं. ओपनएक्सआर (व्हीआर ॲप आणि उपकरणं यांना जोडणारं प्रमाणित माध्यम) प्रत्येक उपकरणाच्या जागेसोबत दोन वेगळ्या खुणा देतं: ‘व्हॅलिड’ आणि ‘ट्रॅक्ड’. व्हॅलिड म्हणजे हा आकडा वापरता येईल, ट्रॅक्ड म्हणजे तो आत्ता खरोखर मोजलेला आहे. कंट्रोलर कॅमेऱ्याआड गेला की व्हॅलिड तसंच राहू शकतं आणि ट्रॅक्ड जातं. बहुतेक ॲप फक्त पहिली खूण बघतात, त्यामुळे पडद्यावर हात छान दिसत राहतो आणि नोंदीतही सगळं आलबेल असतं. स्टीमव्हीआरच्या बाजूला हेच काम ट्रॅकिंगच्या निकालाचे कोड करतात: २०० म्हणजे ठीक, २०१ म्हणजे टप्प्याबाहेर, ३०० म्हणजे जागा सुटली, फक्त फिरणं कळतंय. आम्ही प्रत्येक फ्रेमला वेळ, जागा, दिशा आणि या खुणा लिहून ठेवतो. पाव सेकंदापेक्षा जास्त काळ ट्रॅक्ड गेलं तर ती एक ‘सुटण्याची घटना’ धरतो. ही मर्यादा आमची आहे. कामानुसार ती बदलावी, पण चाचणी सुरू होण्याआधी ठरवावी आणि अहवालात लिहावी.

कामं दोन जातींची ठेवतो. पहिली प्रमाणित: आयएसओ ९२४१-४११ या आंतरराष्ट्रीय मानकातलं वर्तुळातल्या लक्ष्यांना आळीपाळीने स्पर्श करण्याचं काम. लक्ष्याचं अंतर आणि रुंदी यावरून अवघडपणा निघतो. अंतर भागिले रुंदी, अधिक एक, आणि त्याचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम. अंतर ६० आणि रुंदी ४ सेंटिमीटर असेल तर ४ बिट, ३५ आणि ५ असेल तर ३ बिट. माणूस प्रत्यक्षात कुठे कुठे टेकला त्याच्या प्रमाण विचलनाला ४.१३३ ने गुणून परिणामी रुंदी काढायची. हे टाळलं तर सावकाश नेमका टेकणारा आणि भरभर कसाबसा टेकणारा यांची तुलना न्याय्य होत नाही. पण हे काम छातीसमोर होतं, आणि छातीसमोर सगळ्याच यंत्रणा शहाण्यासारख्या वागतात.

म्हणून दुसरी जात. डोक्यावरच्या फळीवरून वस्तू काढणं, पाठीमागच्या पट्ट्यावरून हत्यार उपसणं, एका हाताने दुसऱ्याच्या कोपराला धरणं, वाकून फरशीवरची वस्तू उचलणं, मांडी घालून बसणं आणि उठणं. कमरेच्या ट्रॅकरचा कस बसताना लागतो: मांडी घातली की तो पोट आणि मांड्यांच्या खाचेत जातो आणि सेन्सर झाकले जातात. तो कमरेच्या मागे, पट्ट्याच्या बरोबर मध्यावर बांधला तर टिकतो. पण मग माणूस खुर्चीत टेकून बसला की पुन्हा झाकला जातो. या कोड्याला सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही. ज्या कामासाठी यंत्रणा घ्यायची आहे त्यात माणूस कसा बसतो, ते बघूनच ट्रॅकरची जागा ठरते.

माणसं बोलावताना त्यांना नेहमीच्या कपड्यांत यायला सांगतो. चाचणीसाठी टी-शर्ट घालून आलेल्या माणसांवर यंत्रणा पास होते आणि मग साडीतल्या अंगणवाडी सेविकेवर नापास होते, याला चाचणी म्हणता येत नाही. पदर कमरेचा ट्रॅकर झाकतो, ओढणी मनगटाच्या आड येते. अंबाड्यावर हेडसेटचा मागचा पट्टा टेकतो, वर सरकतो आणि नजरेतलं चित्र खालच्या बाजूने धूसर होतं. पट्टा अंबाड्याच्या खाली, कवटीच्या उंचवट्याखाली बसवायचा असतो हे कुणी सांगितल्याशिवाय उमगत नाही, त्यामुळे सांगावं लागलं की नाही हेसुद्धा आम्ही टिपतो. क्वेस्ट २ मध्ये भिंगांच्या अंतराचे तीनच टप्पे आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. प्रत्येकाच्या बाहुल्यांमधलं अंतर आधी पट्टीने मोजून टप्पा लावून द्यायचा, नाहीतर डोळ्यांच्या त्रासाचं खापर ट्रॅकिंगवर फुटतं. पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते. हेडसेट दहा मिनिटं आधी चालू करून ठेवला की तो कोमट होतो आणि वाफ कमी धरते.

दोन यंत्रणा असतील तर निम्म्या लोकांना आधी ही, निम्म्यांना आधी ती. तीन असतील तर सहा क्रम होतात, म्हणून सहभागींची संख्या सहाच्या पटीत ठेवायची. बांधणं आणि कॅलिब्रेशन यांचा वेळ कामाच्या वेळेत मिसळायचा नाही. तो स्वतंत्र मोजायचा, आणि शक्यतो माणसाला छापील सूचना देऊन स्वतःचं स्वतः बांधू द्यायचं. प्रशिक्षक चार ट्रॅकर सराईतपणे बांधून देतो तेव्हा यंत्रणा सोपी वाटते. डावा-उजवा घोटा अदलाबदल झाला, पट्टा सैल राहून ट्रॅकर फिरला, कॅलिब्रेशनच्या वेळी माणूस हात शरीराजवळ सरळ न ठेवता ‘सावधान’मध्ये छाती फुगवून उभा राहिला, हे सगळं तो नसतानाच दिसतं. शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. अंगावरचे सेन्सर त्या क्षणाची ठेवण हीच शून्य मानतात आणि पुढचा प्रत्येक कोन तिच्यापासून मोजतात.

मळमळीसाठी केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ ची एसएसक्यू प्रश्नावली, हेडसेट घालण्याआधी आणि काढल्यावर. १६ लक्षणं, प्रत्येकी ० ते ३. गटांच्या बेरजांना मळमळीसाठी ९.५४, डोळ्यांसाठी ७.५८, गरगरण्यासाठी १३.९२ ने गुणायचं, आणि तिन्ही कच्च्या बेरजांच्या बेरजेला ३.७४ ने. काही लक्षणं दोन गटांत मोजली जातात, ते तक्ता बघूनच करावं. एकूण वापरसुलभतेविषयी ब्रूक यांची एसयूएस प्रश्नावली: दहा विधानं, विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. सरासरी ६८ च्या आसपास समजतात. कामाचा भार किती जाणवला त्यासाठी नासा-टीएलएक्स ही प्रश्नावली. एसयूएसची विधानं मोठ्याने बोलीत वाचून दाखवावीत. सम क्रमांकाची विधानं नकारार्थी असल्याने भरभर भरणारा माणूस उलटं उत्तर देतो, आणि त्याच्या गुणांत पडलेली घट यंत्रणेची वाटते.

एवढं करूनही मूळ मुद्दा हाती लागतो तो व्हिडिओत. एक कॅमेरा बाजूने, कंबर ते डोक्यापर्यंत. सुरुवातीला कंट्रोलर एकमेकांवर आपटून टाळी द्यायला सांगतो; आवाज, चित्र आणि नोंदीतल्या प्रवेगाचा झटका या तिन्हींवरून वेळ जुळवता येते. मग सुटण्याच्या प्रत्येक घटनेआधीचे दोन आणि नंतरचे पाच सेकंद बघायचे. पहिल्या एक-दोन घटनांत माणूस दचकतो, कंट्रोलर हलवून बघतो, क्वचित विचारतो. पुढे घटना कमी होत जातात. तक्त्यात हे सरावाने झालेल्या प्रगतीसारखं दिसतं. व्हिडिओत दिसतं की डोक्यावरच्या फळीकडे जाणारा हात आता खांद्याच्या उंचीवर थांबून मनगटातून वळतोय, आणि मान आधी वर जाते, हात नंतर. हात कॅमेऱ्याच्या टप्प्यात ठेवायला माणूस शिकलेला असतो. याचा पुरावा आकड्यांत हवा असेल तर पहिल्या आणि शेवटच्या फेरीतली हाताची कमाल उंची, धडापासूनचं कमाल अंतर आणि मानेच्या फिरण्याची बेरीज यांची तुलना करावी. संदर्भ मार्कर अंगावर असतील तर उत्तमच, कारण ज्या यंत्रणेची परीक्षा आहे तिच्याच आकड्यांवरून तिचा निवाडा करावा लागत नाही.

कामाच्या वेळा सरासरीने दाखवू नयेत. एकदोघं फार वेळ घेतात आणि सरासरी फुगते. मध्यक द्यावा, किंवा लॉगॅरिदम घेऊन हिशेब करावा. पंधरा-वीस माणसांच्या चाचणीत एसयूएसच्या तीन-चार गुणांच्या फरकावर खरेदीचा निर्णय घेऊ नये.

आमचा कौल कामागणिक बदलतो. उभ्याने, समोर बघून दोन्ही हातांचं काम असेल, उदाहरणार्थ विद्युत पॅनेलचं प्रशिक्षण, तर कॅमेरेवाला हेडसेट पुरेसा आहे, आणि बेस स्टेशनांची उस्तवारी टळते हा त्याचा मोठा गुण. खांद्याचे, पाठीमागचे किंवा जमिनीवरचे व्यायाम असतील तर लाइटहाउस आणि ट्रॅकर, चार स्टेशनांसह. दोन स्टेशनांत शरीरच शरीराच्या आड येतं. खोली रोज बदलत असेल, शिबिरं गावोगावी असतील, तर अंगावरचे सेन्सर. मात्र चालण्याच्या अंतरावर भिस्त ठेवायची नाही, सांध्यांच्या कोनांवरच ठेवायची.

अहवालाच्या पहिल्या पानावर हेडसेट, ट्रॅकर आणि बेस स्टेशन यांच्या फर्मवेअरची आवृत्ती लिहितो. चाचण्या चालू असेपर्यंत आपोआप अपडेट बंद. पुढे अपडेट घेतलं की टेपच्या २५ फुल्या आणि काळं कापड यांची फेरी पुन्हा होते. आकडे जुन्यांशी जुळले तर जुना अहवाल कायम राहतो, नाहीतर डोक्यावरच्या फळीचं आणि मांडी घालण्याचं काम तरी नव्या माणसांवर परत घ्यावं लागतं.